शनिवारच्या बोटीआधी

लॉन्सेस्टन
मंगळवार, १८ मार्च

प्रिय व्हर्ना,

हे पत्र मी ग्लेनिस आँटीच्या हाती देतेय. ती उद्या सकाळच्या विमानाने बेटावर परततेय आणि मी तिला शपथ घातलीय, की तू शेवटची ओळ वाचेपर्यंत तिने तुझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठायचं नाही. तिला चहा दे, बिस्किटं दे, पण पत्र बाजूला ठेवून गप्पा मारत बसू नकोस. तू तसंच करणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतेय. मला म्हणायचंय ते एवढंच, की शनिवारच्या बोटीने तू पलीकडच्या बेटावर पक्षी धरायच्या हंगामाला जाऊ नकोस. रविवारी हेच फोनवर सांगितलं तर तू हसलीस. "नोलीन, डॉक्टरांनी तुला जाऊ दिलं नाही, तर तू मलाही घरी बसवणार होय? तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही," असं म्हणालीस आणि फोन रेलीनच्या हातात दिलास. माझ्या पोटच्या पोरीनेही "आई, आता सोड ना, व्हर्ना आँटी बघेल सगळं," एवढं बोलून फोन ठेवला. तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. माझ्या पोटात दुखतंच. फक्त तू जाऊ नयेस याचं कारण ते नाही, आणि हे तुला पटायचं असेल तर आधी ती पोटदुखी मला सगळी ओकून टाकावी लागेल. नाहीतर मी काहीही सांगितलं तरी तू हसशीलच.

तर ऐक. तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला पाण्यात पाहत आलेय. तू पहिल्यांदा आपल्या पक्षी साफ करायच्या शेडमध्ये आलीस त्या वर्षी मी नऊची होते, तिसरा हंगाम होता माझा, आणि मला वाटलं होतं की आता पिसं काढायच्या टेबलाशी आईच्या शेजारची जागा मला मिळणार. आई म्हणाली, "धाकटीला बसू दे, तिचे हात गारठलेत." माझे हात काय चुलीत होते? मी पिसांची पोती ओढत बसले आणि तू आईच्या कुशीला टेकून गाणी म्हणत पक्षी सोलायला शिकलीस. पुढे एकोणिसाव्या वर्षी तू मेलबर्नला पळालीस. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हे आज पहिल्यांदा सांगतेय. एकवीस हंगाम मी शेडच्या फळ्या घासल्या, पिंपांत मीठ भरलं, पोरांच्या भांडणांत पडले, आई गेल्यावर सगळ्यांना वेळेवर जेवू घातलं. आणि तू चाळिशीत लाल बूट घालून बोटीतून उतरलीस तर धक्क्यावर अशी गर्दी, की जणू राणीच आली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी टेबलाशी सरकून तुला जागा दिली. सरकून सरकून शेवटी कडेला मीच उरले. तुझे हात अजूनही माझ्यापेक्षा जलद चालत होते. एकवीस वर्षं पिसाला हात न लावता. हे मी तुला कधी माफ केलेलं नाही.

आणि मग तुझं खाणं-पिणं. मी चाळिसाव्या वर्षी सिगारेट सोडली, नवरा गेल्यावर रोज धक्क्यापर्यंत चालायला लागले, पावाला लोणी लावायचं बंद केलं. खारवलेला पक्षी तेवढा सोडला नाही, तो काही पथ्यात येतो असं मला वाटलंच नव्हतं. तू मात्र सकाळी हाताने वळलेली सिगारेट ओठांत धरून उठायचीस, पक्ष्याची तळलेली कातडी सगळ्यांच्या ताटांतून उचलून खायचीस आणि वर पावाने तव्यातली चरबी पुसायचीस. दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझं रक्त तपासलं आणि म्हणाले, तिशीतल्या बाईसारखी आहेस. ते तू ख्रिसमसपर्यंत दर जेवणाला सांगत होतीस. मी हसायचे आणि मनात म्हणायचे, थांब, कधीतरी फेडशील. असं बहिणीबद्दल कुणी म्हणतं का? मी म्हटलं. मग फेडावं कुणाला लागलं ते सगळ्या बेटाने पाहिलं.

गेल्या एप्रिलमधला तो दिवस तुझ्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलाय, की माझ्या बाजूने तो कसा होता हे सांगायची वेळच आली नाही. सकाळच्या चहालाच छातीवर कुणीतरी मिठाचं पिंप ठेवल्यासारखं झालं. तिथून ते पाठीत गेलं, मग जबड्यात. मला काय वाटलं सांगू? तुझा राग आलाय असं वाटलं. तू टेबलाच्या टोकाला ती मेलबर्नच्या खानावळीची गोष्ट सांगत होतीस, सगळे हसत होते, रेलीन तर डोळे पुसत होती. माझ्या कुठल्याच गोष्टीला ती कधी तशी हसली नव्हती. मी म्हटलं, नोलीन, तू स्वतःला त्रास करून घेतेयस. तासाभराने घाम फुटला तर म्हटलं, पक्षी बुडवायच्या गरम पाण्याच्या टाकीची वाफ लागली. हात जड झाला तर म्हटलं, काल पक्षी टांगलेली काठी खांद्यावरून आणली त्याने. मग मी आडोशाला जाऊन आई करायची तेच केलं, छातीला पक्ष्याचं तेल चोळलं आणि एक मोठा चमचा पिऊन टाकला. दुपारपर्यंत तीन चमचे झाले. आपल्या घराण्यात खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला ते तेल चालतं, मग छातीला का नाही? हार्ट अटॅक हा शब्द माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. तो पुरुषांना येतो, टाय लावणाऱ्यांना. आपल्याकडे पुरुष छातीने मरतात आणि बाया पुरुषांच्या कटकटीने.

चौथा चमचा माझ्या हातातून तू काढून घेतलास. माझ्याकडे एकदा पाहिलंस, हसणं थांबवलंस आणि वायरलेसकडे धावलीस. "माझी बहीण मरतेय, लवकर बोट पाठवा," असं तू ओरडलीस ते मला नीट ऐकू आलं. मला राग आला, की उगीच तमाशा करतेय. बोटीत तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस आणि विमानात चढवेपर्यंत माझा हात सोडला नाहीस. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळीच आणलं असतं तर हृदयाचा तुकडा वाचला असता, आणि संध्याकाळ झाली असती तर बाई वाचली नसती. सगळं बेट म्हणालं, व्हर्नाने जीव वाचवला. ते खरंच आहे. पण शुद्धीवर आल्यावर पहिल्या तासात मला काय वाटलं ते ऐक. मला वाटलं, घ्या, माझ्या हार्ट अटॅकमध्येसुद्धा हिचंच कौतुक.

त्यानंतर मी डॉक्टरांजवळ इथेच घर घेऊन राहिले आणि दर मंगळवारी आमचा हृदयाच्या रुग्णांचा वर्ग सुरू झाला. तुला मी त्याची थट्टाच सांगितली, खरं ते हातचं राखून ठेवलं. सहा माणसं, एक हॉल, भिंतीला लागून व्यायामाच्या सायकली आणि ब्रॉनविन नावाची नर्स, माझ्या रेलीनच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकाला कागद दिला. म्हणाली, तुमच्या मते तुम्हाला हा आजार कशाने झाला ते लिहा, नाव लिहू नका. मग तिने ते मोठ्याने वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, "गायी विकल्या म्हणून." तो केल्विन, वासरांच्या कळपात वाढलेला माणूस, चौदाव्या वर्षापासून सिगारेट ओढतोय आणि बोलताना दर वाक्याला खोकतो. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईने लिहिलं होतं, "शाळा सुटली म्हणून." ट्रक चालवणाऱ्या लॅरीने लिहिलं होतं, "बायकोने सिगारेट सोडायला लावली, तो धक्का सहन झाला नाही." सगळे हसले, पण लॅरी हसला नाही. तो मनापासून सांगत होता. मग ब्रॉनविनने माझा कागद वाचला. त्यावर दोनच शब्द होते: माझी बहीण. लॅरी म्हणाला, "अरेरे, माझी मेहुणी लिहायची राहूनच गेली."

ब्रॉनविन म्हणाली, सहा कागदांवर मीठ नाही, तंबाखू नाही, रक्तदाब नाही, साखर नाही. मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, बाळा, आमची माणसं कित्येक पिढ्या खारवलेले पक्षी खातात, मीठ बाधायचं असतं तर मी जन्मालाच आले नसते. ती चिडली नाही. नुसतं विचारलं, "तुमच्या घरात हृदयविकाराने कोण गेलं?" मी ताडकन सांगितलं, कुणी नाही. मग तिने विचारलं, आई कशी गेली? मी म्हटलं, दमून गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, शेडमध्ये, पिसांच्या पोत्याला टेकून बसली आणि उठली नाही, खूप दमली होती. रॉय मामा? तो पोहताना गेला, पाणी गार होतं. आजोबा? त्यांना घोड्याने पाडलं, म्हणजे आधी ते पडले आणि मग घोडा बिचकला, असं आजी म्हणायची, पण आम्ही घोड्यालाच धरलं. हे सगळं ब्रॉनविन फळ्यावर लिहीत गेली. आपलं घराणंच्या घराणं तिथे उभं होतं, व्हर्ना, आणि प्रत्येकाला आपण दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने पुरलं होतं. मी सायकलवर बसले आणि वीस मिनिटं नुसती पायडल मारत राहिले.

इथवर वाचून तू म्हणशील, मग आता कळलं ना, तुझ्या आजाराचं खापर माझ्या डोक्यावर नको फोडूस. नाही फोडत. त्यातून उलटंच झालं. या वर्षात मला जे मिळालं ते आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. रेलीन दर पंधरा दिवसांनी विमानाने यायला लागली. ग्लेनिस आँटीने गुडघ्यांवर घ्यायला गोधडी शिवून दिली, चर्चमधल्या बायांनी कार्डं पाठवली, बेटावरचे लोक शहरात आले की माझ्याकडे डोकावून जायला लागले. मी दार उघडलं की ते हळू आवाजात विचारतात, "कशी आहेस, नोलीन?" आणि खरंच उत्तराची वाट पाहतात. तू कधी एखाद्या खोलीत शिरतेस तेव्हा लोक जसे वळून बघतात, तसे ते माझ्याकडे बघतात. मी गोळ्यांचा डबा मुद्दाम टेबलावर मांडून ठेवते. सांगायला लाज वाटते, पण ठेवते. रेलीनने जानेवारीत सांगितलं की यंदा शेड तू सांभाळणार, तेव्हा दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आईची जागा, माझी जागा, ती पण गेली. मग मी स्वतःची समजूत घातली, की ठीक आहे, शेड घे, रेलीन घे, माणसं घे. हा आजार तरी माझा एकटीचा आहे.

आता जे सांगायचं म्हणून इतकं लांबण लावलं ते सांगते. दोन आठवड्यांपूर्वी तू हंगामाचं सामान घ्यायला आलीस आणि तीन दिवस माझ्याकडे राहिलीस. माझ्या इथल्या घराचा चढ तुला माहीत आहे, पिठाची पिशवी घेऊन तू गेल्या वर्षी तो शीळ घालत चढायचीस. या वेळी दोनदा थांबलीस. एकदा कुणाच्या तरी कुंपणातला गुलाब हुंगायला, आणि तुला गुलाबाचं काडीचं कौतुक नाही. खालच्या जबड्यावर हात दाबून धरलास आणि म्हणालीस, नवी कवळी टोचतेय. पण रात्री कवळी काढून पेल्यात ठेवल्यावरही तू जबडा चोळत होतीस. दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना तुझ्या कपाळावर घाम होता आणि बाहेर थंडी होती. दुपारी तू खुर्चीत झोपलीस, तू, जी आयुष्यात दिवसा झोपली नाहीस. आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तू पर्समधून तेलाची बाटली काढून एक चमचा घेतलास. व्हर्ना, त्या क्षणी मला कळलं. शंका नव्हे, पक्कं कळलं, कारण ते सगळं माझ्या अंगावरून गेलंय. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "दंतवैद्याला दाखव." मग मी बटाटे सोलायला गेले.

मी का बोलले नाही, हे तुला कळायलाच हवं, म्हणूनच हे पत्र. त्या फळ्यावरच्या दिवशी ब्रॉनविनने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, भावंडं किती? मी म्हटलं, एक बहीण. ती म्हणाली, "मग तुमचा कागद अगदीच चुकीचा नव्हता. आई, मामा, आजोबा आणि आता तुम्ही, म्हणजे धोका तिलाही आहे, त्यात ती तंबाखू ओढते. तिला तपासून घ्यायला सांगा, याच महिन्यात." ही जुलैची गोष्ट. मी मान डोलावली आणि आठ महिने तुला ताकास तूर लागू दिली नाही. तू मेलीस तर बरं, असं माझ्या मनात कधी आलं नाही, एवढ्यावर तरी विश्वास ठेव. मला एवढंच वाटायचं, की हिला पण झालं तर सगळे हिच्याकडे धावतील, रेलीनचं विमानही हिच्याकडे वळेल, आणि हिचा हार्ट अटॅक माझ्यापेक्षा जास्त गाजेल. ज्या बाईने माझ्या हातातून चमचा काढून घेतला, तिच्या हातात चमचा बघून मी बटाटे सोलले. रविवारी फोनवरही खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून नुसतं जाऊ नकोस म्हटलं आणि तू हसलीस ते बरोबरच होतं. आता शेडची फिकीर करू नकोस, तिथे रेलीन आहे, तिला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. आजपासून जड काही उचलू नकोस, तेलाची बाटली ग्लेनिस आँटीच्या ताब्यात दे, आणि मी येईपर्यंत छातीत, पाठीत की जबड्यात काहीही झालं तर कुणाला काय वाटेल याचा विचार न करता दवाखान्याला फोन कर आणि मला झालं तेव्हा ओरडलीस तशी ओरड. बेटावरच्या दवाखान्यातल्या नर्सशी मी बोललेय, बुधवारी, म्हणजे हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी, सकाळी साडेअकराला तुला बोलावलंय आणि ग्लेनिस आँटी तुला घेऊन जाणार आहे, त्यासाठीच ती तुझ्यासमोर थांबलीय. हंगामामुळे विमानात जागा नाही, मला शुक्रवारची मिळाली. मी येतेय. त्यांनी तुला इकडे आणायचं ठरवलं तर माझा पलंग तू घे, मी सोफ्यावर झोपेन आणि आलेल्या प्रत्येकाला तुझीच तब्येत आधी सांगेन. आणि ते म्हणाले की तुझं हृदय ठणठणीत आहे, खरोखर कवळीच टोचत होती, तर शनिवारी तू खुशाल बोटीत बस, लाल बूट घालून बस, माझी पोर शेजारी घेऊन बस. मी धक्क्यावर उभी राहून जळत तुझ्याकडे बघेन. मला तेच हवंय.

तुझीच थोरली,
नोलीन